शंभरपर्यंत आणि घरापर्यंत

घरगुती इंटरनेटच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो आणि सर्वांत लहान अक्षरांत एक शब्द. आकडा म्हणजे वेग: ३०, १००, ३०० एमबीपीएस. शब्द म्हणजे 'पर्यंत'. '१०० एमबीपीएसपर्यंत' याचा अर्थ शंभराच्या पुढे जाणार नाही, एवढाच होतो. खाली कुठे थांबेल, हे त्यात सांगितलेले नसते. आपल्या भाषेत या शब्दाला दुसराही अर्थ आहे. 'घरापर्यंत रस्ता झाला' असे म्हणतो, तेव्हा रस्ता दारात येऊन पोहोचलेला असतो. पहिल्या 'पर्यंत'ला कमाल मर्यादा असते, दुसऱ्याला मुक्काम असतो. इंटरनेटची जोडणी विकली जाते पहिल्या अर्थाने आणि विकत घेतली जाते दुसऱ्या अर्थाने. वेग, दर आणि सेवा यांची तुलना करताना होणारा बहुतेक घोळ या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे. त्या जागेत नेमके काय काय असते, हे मांडण्याचा हा प्रयत्न.

मी अभियंता नाही. हा विषय मी जुनी बिले, जाहिरातीची पत्रके आणि भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे 'ट्राय'चे अहवाल वाचत शिकलो. त्यामुळे येथे जे गणित येईल ते गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही, आणि तेवढे पुरतेही.

व्याख्येचा प्रवास

भारतात सर्वसामान्य ग्राहकासाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. टेलिफोन लावून, मोडेमची ती शिट्टी ऐकून मिळणारा सुरुवातीचा वेग होता ९.६ केबीपीएस. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी किमान २५६ केबीपीएसची अट घातली. २०१३ साली ती ५१२ झाली आणि जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएस.

हे आकडे कळायला एक किल्ली लागते. वेग मोजतात बिटमध्ये आणि फाइल मोजतात बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १०० नव्हे, साडेबारा एमबी उतरतात. १ जीबीचा चित्रपट १९९५च्या वेगाने उतरवायला साडेनऊ दिवसांहून अधिक लागले असते. २००४च्या व्याख्येप्रमाणे ८ तास ४० मिनिटे. आजच्या १०० एमबीपीएसवर ८० सेकंद. प्रगती मोठी आहे, यात वाद नाही.

पण २०२३ची व्याख्या सावकाश वाचली की दोन गोष्टी दिसतात. हा २ एमबीपीएसचा वेग फक्त 'खाली येणारा', म्हणजे डाउनलोडचा आहे. वर पाठवण्याबद्दल व्याख्या गप्प आहे. आणि तो मोजायचा आहे सेवादात्याच्या केंद्रापासून. तुमच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर काय मिळते, ते व्याख्येच्या कक्षेत येत नाही. म्हणजे सरकारी व्याख्येतही पहिलाच 'पर्यंत' आहे.

आडात नाही तर

जोडणी तुमची असली तरी वाट सामाईक असते. फायबरचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत चांगले मानले जाते. शहरांत घरोघरी जी फायबर येते ती बहुधा 'जीपॉन' नावाच्या पद्धतीची. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक काचतंतू गल्लीच्या तोंडाशी एका छोट्या डबीत शिरतो आणि तेथे त्याच्या ३२ किंवा ६४ फांद्या होतात. या डबीला वीज लागत नाही. प्रकाशाची निव्वळ वाटणी होते. मूळ तंतूची क्षमता खाली येण्यासाठी सुमारे २,४८८ एमबीपीएस आणि वर जाण्यासाठी त्याच्या निम्मी, सुमारे १,२४४. आता ३२ घरांनी १०० एमबीपीएसची योजना घेतली, तर ३,२०० एमबीपीएसचे वचन दिले गेले आणि हातात आहेत २,४८८. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण नळ सोडला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८च्या आत येतील. ६४ घरे असतील तर ३९च्या आत.

यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. सगळे एकाच क्षणी नळ सोडत नाहीत, या अनुभवावरच कोणतीही सार्वजनिक सेवा उभी असते. एसटीचा पास असलेले सगळे प्रवासी एकाच गाडीला येत नाहीत. प्रश्न असतो प्रमाणाचा. केंद्राच्या मागे, मोठ्या वाहिनीवर, कंपनीने किती क्षमता विकत घेतली आहे आणि ती किती ग्राहकांत वाटली आहे, यावर खरा वेग ठरतो. २००९ साली 'ट्राय'ने घरगुती ब्रॉडबँडसाठी हे वाटपाचे प्रमाण १:५० आणि व्यावसायिकांसाठी १:३० असावे, असे मार्गदर्शन केले होते. ग्राहकाला मात्र हे प्रमाण कोणत्याही पत्रकावर छापलेले दिसत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे आडाची खोली गुप्त आहे आणि जाहिरात फक्त पोहऱ्याची आहे.

आड कोरडा आहे असे मात्र नाही. समुद्राखालून भारतात येणाऱ्या केबलींचे एक मोठे ठाणे मुंबईत वर्सोव्याला आहे. २०२३च्या सुमारास देशात अशा १७ केबली १४ ठाण्यांवर उतरत होत्या. जगाशी जोडणारी जाड दोरी आपल्याच राज्याच्या किनाऱ्याला बांधलेली आहे. अडते ते तिथून तालुक्यापर्यंत, आणि तालुक्यापासून दारापर्यंत.

शेवटचा टप्पा कशाचा?

तुलनेच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसवलेल्या जोडण्या प्रत्यक्षात निरनिराळ्या जातीच्या असतात.

पहिली, टेलिफोनची तांब्याची तार. २००५पासून भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी तिच्यावर ब्रॉडबँड दिले. हिचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराने ठरतो. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला २४ एमबीपीएसची तांत्रिक कमाल जवळ वाटेल, तर चार-पाच किलोमीटरवरच्या घराला त्याचा लहानसा हिस्साच मिळेल. पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की फोनवर खरखर आणि नेट बंद, हे महाराष्ट्रातल्या एका पिढीला पाठ आहे.

दुसरी, केबल टीव्हीची तार. मुळात चित्रे घरी आणण्यासाठी टाकलेली, त्यामुळे खाली येण्याला उत्तम आणि वर पाठवण्याला अरुंद.

तिसरी, फायबर. अंतराने फारशी थकत नाही, पावसाला भीत नाही. पण आपल्याकडे ती पुष्कळदा जमिनीखालून न जाता विजेच्या खांबांवरून आणि झाडांवरून जाते, म्हणून उंच ट्रक, फांदी आणि माकड यांना भिते.

चौथी, हवेतून येणारी. २०२३च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये जिओने 'एअरफायबर' या नावाची सेवा आणली. नावात फायबर असले तरी शेवटचा टप्पा हवेचा आहे: गच्चीवर किंवा खिडकीत बसवलेली पेटी ५जी मनोऱ्याचा संकेत पकडते आणि घरात वायफाय देते. रस्ता खणायला नको, हा हिचा मोठा गुण. पण तो मनोरा परिसरातल्या सगळ्या मोबाइलांचाही असतो, म्हणजे वाटेकरी आणखी वाढतात.

पाचवी, उपग्रहाची. येथे वेगापेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे विलंब. वेग आणि विलंब यांतला फरक समजावा म्हणून एक हिशेब करू. १ टीबीची हार्डडिस्क पुण्याहून मुंबईला बसने पाठवली आणि ती चार तासांत पोहोचली, तर तो सरासरी वेग होतो साडेपाचशे एमबीपीएसहून अधिक. बहुतेक घरगुती योजनांना लाजवील असा. पण या बसवरून बोलणे होऊ शकत नाही, कारण 'हॅलो'चे उत्तर यायला आठ तास लागतील. जुन्या पद्धतीचे दूरसंचार उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तर वर जाऊन खाली यायचे. प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांत हाच अंतराचा विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होतो. स्टारलिंकला भारतात दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला तो जून २०२५मध्ये. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-नागपूर जाऊन-येऊन सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. चित्रपट पाहणाऱ्याला विलंबाने काही बिघडत नाही. ऑनलाइन तोंडी परीक्षा देणाऱ्या मुलीचे बिघडते.

परतीची वाट

टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचे तांत्रिक नाव 'एडीएसएल'. त्यातल्या 'ए'चा अर्थ असमान. खाली २४ येतील तेथे वर जेमतेम एक जाई. ही असमानता अपघाताने आलेली नाही. घर हे घेणारे आहे. ते चित्रे, गाणी, बातम्या घेईल. त्याच्याकडे जगाला पाठवण्यासारखे फार काही नसेल, असे गृहीत धरून ही रचना झाली.

२०२०च्या टाळेबंदीने हे गृहीतक उघडे पाडले. शिक्षक घरून शिकवू लागले, डॉक्टर घरून सल्ला देऊ लागले, मुले उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवू लागली. एका व्हिडिओ-वर्गासाठी वर पाठवायला साधारण दोन ते चार एमबीपीएस सलग लागतात. जाहिरातीतला मोठा आकडा खाली येण्याचा होता आणि अडचण वर जाण्याची होती. आज फायबरच्या अनेक योजनांत दोन्ही दिशांचा वेग सारखा देतात. हवेच्या जोडणीत वर जाण्याचा वेग सहसा बराच कमी असतो. ज्या घरातून कोणी शिकवते, भाषांतर करते, हिशेब लिहिते, चित्रफिती पाठवते, त्या घराने आधी हाच आकडा विचारावा.

दर आणि डबा

आता पैशांकडे. २०२०च्या सप्टेंबरात जिओफायबरची ३० एमबीपीएसची योजना ३९९ रुपयांना आणि त्याच सुमारास एअरटेलची ४० एमबीपीएसची ४९९ला होती. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ३९९चे ४७१ होतात, ४९९चे ५८९. त्यात जोडणीचा खर्च, राउटरची अनामत आणि सहा किंवा बारा महिन्यांचे आगाऊ पैसे मिळवले म्हणजे खरा दर दिसतो. आगाऊ भरण्याने सूट मिळते, पण सेवा वाईट निघाली तर उठून जाण्याचा हक्कही आपण आगाऊच विकलेला असतो.

वेगाशेजारी डब्याचे मापही पाहावे. 'अमर्याद' म्हटलेल्या योजनांना उचित वापराची मर्यादा असते. वर सांगितलेल्या ३० एमबीपीएसच्या योजनेची मर्यादा महिन्याला ३.३ टीबी होती. २०२३मध्ये आलेल्या जिओच्या हवेतल्या १०० एमबीपीएसच्या योजनेची १ टीबी. गणित करा. ३० एमबीपीएसवर ३.३ टीबी संपवायला दहा दिवसांहून अधिक काळ नळ पूर्ण सोडून ठेवावा लागेल. १०० एमबीपीएसवर १ टीबी संपायला बावीस तास पुरतात. नळ मोठा, पण टाकी लहान. मर्यादा ओलांडल्यावर वेग किती उरावा, याबाबत 'ट्राय'ने २०१६ साली किमान ५१२ केबीपीएसची अट घातली.

याचा अर्थ १ टीबी अपुरा असा नव्हे. स्वच्छ, हाय डेफिनिशन चित्राला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात आणि तासाला साधारण ३ जीबी जातात. रोज चार तास पाहिले तरी महिन्याला ३६० जीबी. चार माणसांच्या घराला ४० ते ५० एमबीपीएस, खरोखर मिळत असतील तर, पुष्कळ झाले. ३०० एमबीपीएस घेऊन फुकट मिळालेल्या जुन्या राउटरला जोडणाऱ्यांनी एक तपासून घ्यावे: त्या राउटरचे भोक १०० एमबीपीएसचेच असेल, तर वरचे दोनशे दारातच थांबतात.

बिघडल्यावर कोण येते

तक्त्यात नसलेला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना हा. तालुक्याच्या ठिकाणी आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात झाड पडून सगळ्यांच्याच तारा तुटल्या. माझी जोडणी गावातल्या केबलवाल्याची. त्याचा मुलगा त्याच संध्याकाळी शिडी घेऊन आला. शेजाऱ्यांची जोडणी एका मोठ्या कंपनीची. त्यांना तक्रारीचा क्रमांक दहा मिनिटांत मिळाला, माणूस सहाव्या दिवशी. कागदावर त्यांचा वेग माझ्या दुप्पट होता. त्या महिन्याची त्यांची गोळाबेरीज कोणत्याही वेगमापक ॲपमध्ये दिसली नसती.

एका गल्लीत दोन-तीन तारा असतील तर अशा अनुभवावरून माणूस कंपनी बदलतो, आणि बदलण्याच्या भीतीने कंपन्या सुधारतात. तुलना हे ग्राहकाचे हत्यार आहे ते एवढ्याचसाठी. पण कित्येक गृहसंकुलांत एकाच कंपनीला आत येऊ दिले जाते, आणि कित्येक गावांत एकच तार असते किंवा एकही नसते. तिथे तक्ता कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग नाही. इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीवरून मानांकन देण्याचे विनियम 'ट्राय'ने २०२४ साली केले. घर घेताना पाण्याबरोबर हेही विचारले जाऊ लागले, तर त्याचा परिणाम होईल.

गावांसाठी २०११ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याची योजना मंजूर केली. तिचेच पुढे 'भारतनेट' झाले. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे. पुन्हा तोच शब्द: ग्रामपंचायतींपर्यंत. पंचायतीच्या खोलीत पेटी बसली आणि वाडीवरचे घर तीन किलोमीटरवरच राहिले. पंचायतीच्या पुढे गावोगाव आणि घरोघर जोडण्या न्यायला हव्यात, हे लक्षात घेऊन ऑगस्ट २०२३मध्ये १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात घराघरांत जोडणी देण्याचे आणि ती सांभाळण्याचे काम स्थानिक उद्योजकांकडे सोपवण्याची कल्पना आहे. शिडीवाल्या मुलाचे महत्त्व धोरणाच्या कागदावरही पोहोचले, असे म्हणता येईल.

डिसेंबर २०२३अखेर देशात इंटरनेटचे ९३ कोटी ६१ लाख ग्राहक होते. त्यांत तारेने जोडलेले ३ कोटी ८५ लाख. शंभरात चार. बाकी जवळजवळ सगळे मोबाइलवर. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला म्हणून हा प्रश्न सुटला, असे आपण मानतो. पण मोबाइल व्यक्तीचा असतो आणि तार घराची असते. बाप कामावर गेला की मोबाइलचे इंटरनेटही त्याच्याबरोबर जाते. मागे राहिलेल्या मुलीचा वर्ग, आजीची डॉक्टरशी भेट, आईचा अर्ज त्याच्या परतण्याची वाट पाहतात. शिवाय फोन चालू ठेवायचा तर त्याचे रिचार्ज करावेच लागते. म्हणून घराच्या जोडणीचे पावणेपाचशे रुपये हा त्या कुटुंबाला वरचा खर्च वाटतो, आणि तो पहिला कापला जातो.

काय मागावे

'पर्यंत'चा प्रश्न इतरत्रही होता. ब्रिटनमध्ये जाहिरात-नियमनाने २३ मे २०१८पासून असे ठरवले की जाहिरातीतला वेग हा गर्दीच्या वेळी, म्हणजे घरगुती ग्राहकांसाठी रात्री ८ ते १० या काळात, किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा सरासरी वेग असला पाहिजे. त्याआधी फक्त दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे. अमेरिकेत एप्रिल २०२४पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक योजनेसोबत खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर असते तसे लेबल द्यावे लागते: एकूण दर, दोन्ही दिशांचा नेहमी मिळणारा वेग, विलंब, डेटाची मर्यादा, सारे एका चौकटीत.

आपल्याकडेही अशी चौकट मराठीत छापायला काही अडचण दिसत नाही. ती येईपर्यंत ग्राहकाने स्वतःच ती भरावी. करासह वर्षाचा एकूण खर्च किती. वर पाठवण्याचा वेग किती. महिन्याची मर्यादा किती आणि ती संपल्यावर काय उरते. शेवटचा टप्पा काचेचा, तांब्याचा की हवेचा. बिघडल्यावर कोण येते आणि किती दिवसांत. आणि सही करण्यापूर्वी, ज्याच्याकडे तीच जोडणी आहे अशा शेजाऱ्याच्या घरी रात्री साडेनऊला जाऊन पाच मिनिटे बसावे. विक्रेत्याने सकाळी अकराला दाखवलेला वेग शंभरपर्यंतचा असतो. रात्री साडेनऊला शेजाऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो घरापर्यंतचा.